पोकळ पाया

मुलीने मोबाइलचा कॅमेरा खड्ड्याकडे वळवला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "अगं, घर बांधताय की विहीर काढताय?" नाशिकला संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि मे महिन्याचा उकाडा गच्चीच्या कोब्यातून अजून वर येत होता. तिकडे कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतात, ग्वेल्फ शहराबाहेरच्या एका लहान गावात, सकाळचे दहा वाजले असूनही मुलीच्या अंगात जाड जाकीट होते. तिच्यामागे सुमारे चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद आणि पुरुषभराहून खोल असा एकच एक खड्डा पसरलेला होता. एका यंत्राने आणि ते चालवणाऱ्या एका माणसाने हे काम दीड दिवसात उरकले होते. आमच्या इथल्या, नाशिकमधल्या मखमलाबादच्या घराचे खड्डे १९९४ साली सहा मजुरांनी बारा दिवस खणले, आणि ते सगळे एकत्र केले असते तरी या खड्ड्याच्या एका कोपऱ्यात मावले असते.

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या वाट्याला या घराच्या बाबतीत त्या म्हणीतले फक्त 'पाहावे' आले. खड्ड्यापासून जोत्यापर्यंतचे सगळे काम मी सात आठवडे रोज संध्याकाळी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, हातभर लांबीच्या पडद्यावरसुद्धा नव्हे तर तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिले. गच्चीवरच का, तर खाली घरात रेंज नीट येत नाही.

माझ्या नोकरीची एकतीस वर्षे मातीत गेली, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'त, म्हणजे १९५९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, मी मातीच्या प्रयोगशाळेत होतो. धरणांच्या, कालव्यांच्या, पुलांच्या जागांवरून गोणपाटाच्या पिशव्यांत बांधलेली माती यायची, आणि ती कशी वागेल हे आम्ही सांगायचे. त्या सगळ्या चाचण्यांमध्ये मला शेवटपर्यंत आवडत राहिलेली चाचणी सर्वांत साधी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम घ्यायची, शंभर मिलिलिटरच्या दोन उभ्या मोजनळ्यांत टाकायची, एका नळीत ऊर्ध्वपातित पाणी भरायचे आणि दुसरीत रॉकेल. चोवीस तासांनी येऊन पाहायचे. रॉकेलमधली माती तळाशी जशी बसली तशीच बसलेली असते. पाण्यातली माती काळी असेल तर ती फुगून वर आलेली असते, सैल झालेली असते, आणि नळी हलवली तर दह्यासारखी थरथरते. दोन्ही नळ्यांतल्या उंचीच्या फरकावरून मातीचा फुगवटा टक्क्यांत काढतात. तो पन्नासच्या वर गेला की बांधणाऱ्याने सावध व्हावे, असा ढोबळ नियम आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या काही नमुन्यांतली माती मी दुप्पट झालेलीही पाहिली आहे.

आमचा प्लॉट पूर्वी द्राक्षबागेचा होता, त्यामुळे वरची साडेपाच फूट माती अशीच होती, शाईसारखी काळी. उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडत की सात वर्षांच्या मुलीने एका भेगेत गंमत म्हणून टाकलेला चिंचोका खाली किती गेला ते कळलेच नाही, आणि तो परत मिळावा म्हणून तिने संध्याकाळभर धरलेला हट्ट मला अजून आठवतो. पावसाळ्यात हीच माती फुगून भेगा मिटवते, आणि वर भिंत असेल तर ती भिंतही उचलते. दर वर्षी थोडी वर, दर वर्षी थोडी खाली. चार-पाच पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते आणि घरमालक गवंड्याला शिव्या घालतो. आमचे मिस्त्री फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले, "साहेब, काळी सगळी काढायची. मुरूम लागल्याशिवाय थांबायचे नाही." मी त्यांना आकडे सांगितले आणि त्यांनी मला पहार आपटून दाखवली. काळ्या मातीत पहार बद्द वाजते. मुरुमाला लागली की आवाज खणखणीत होतो. साडेपाच फुटांवर तो आवाज आला आणि माझ्या प्रयोगशाळेची गरज संपली.

म्हणून मुलीने जमीन घेतल्याचे सांगितले तेव्हा माझा दुसरा प्रश्न मातीचाच होता. पहिला अर्थातच पैशांचा होता. तिची बँक कर्जाचा पहिला हप्ता पाया पुरा झाल्यावरच देणार होती, त्यामुळे पायापर्यंतचा सारा खर्च नवराबायकोने स्वतःच्या शिलकीतून करायचा होता. मी काही रक्कम पाठवतो म्हणालो; रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, हेही मी बँकेत जाऊन विचारून आलो होतो, जणू माझ्याकडे तेवढे असणारच होते. ती म्हणाली, "बाबा, पैसे राहू द्या. तुम्ही रोज संध्याकाळी फोनवर या." मला वाटले, ही समजूत काढते आहे. पण तसे नव्हते.

तिथली माती काळी नाही. आमचा खडक सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि त्याच्या झिजेतून आमची माती झालेली. तिच्याकडे गेल्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी उत्तरेकडून ओरबाडत आणलेले वाळू, गाळ, चिकणमाती आणि गोटे एकत्र कालवून तिथेच टाकून दिलेले आहेत. खड्ड्याच्या भिंतीत मला नारळाएवढे गोल गोटे दिसत होते, लाडवातल्या बेदाण्यांसारखे कुठेही बसलेले. ही माती पाण्याने फारशी फुगत नाही. तेव्हा मी निर्धास्त झालो, आणि नेमके तिथेच चुकलो.

ती माती थंडीने फुगते. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे शाळेत शिकलेले असते आणि मीही तेवढेच धरून चाललो होतो. खरा उपद्रव त्या नऊ टक्क्यांचा नसतो. गारठा वरून खाली उतरत जातो आणि जिथे पोहोचतो तिथे मातीत बर्फाचा पातळ पापुद्रा धरू लागतो. तो पापुद्रा खालच्या ओल्या मातीतले पाणी, दिव्याची वात तेल ओढते तसे, वर ओढत राहतो आणि जाड होत जातो. एकाखाली एक असे पापुद्रे तयार होतात आणि वरची जमीन इंच-दोन इंच, कधी त्याहून जास्त, उचलली जाते. वसंत ऋतूत बर्फ वितळला की तीच जमीन लगदा होऊन खाली बसते. मखमलाबादला जे काम आषाढ करतो ते तिकडे जानेवारी करतो. म्हणून तिथल्या नियमाने घराचा पाया, म्हणजे भिंतीखालची काँक्रीटची पट्टी, गारठा पोहोचणार नाही इतकी खाली बसवावी लागते. दक्षिण ओंटॅरिओत ही खोली चार फूट, म्हणजे १.२ मीटर धरतात. आणि एवढे खणायचेच आहे तर आणखी चार फूट खणून तिथे राहण्याजोगे तळघरच का करू नये, असा तिथल्या लोकांचा सरळ हिशेब आहे. माझ्या विहिरीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दोन दिवसांनी मिळाले.

पायाच्या पट्टीसाठी फळ्या लावायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी मोबाइल घेऊन खड्ड्यात उतरली आणि माझ्या सांगण्यावरून चारही कोपरे हळूहळू फिरली. तीन कोपरे राखाडी-तपकिरी होते. वायव्येचा कोपरा जरा काळसर होता. मोबाइलच्या चित्रात रंगावर विश्वास ठेवू नये हे मला कळते. सावली असेल, सकाळची ओल असेल, असे म्हणून मी सोडून दिले असते, पण त्या काळसर भागात एकही गोटा नव्हता आणि तेच मला खटकले. हिमनदी एका कोपऱ्यापुरते गोटे वेचून घेत नाही.

"त्यातली मूठभर माती घे," मी म्हणालो, "आणि हातमोजा काढ."

तिने मोबाइल मातीच्या ढिगाला टेकवून उभा केला. आता मला फक्त तिचे हात आणि जाकिटाची चेन दिसत होती. मी तिला ती माती मळायला सांगितली, थोडी थुंकी लावून सुद्धा चालेल म्हणालो, आणि मग दोन तळव्यांमध्ये शेवई वळतात तशी वळायला सांगितली. मातीची ही चाचणी जगभर सारखीच आहे: तीन मिलिमीटर जाडीची दोरी वळता वळता ती तुटू लागली की त्या वेळी मातीत जेवढे पाणी असते त्यावरून तिची लवचीकता ठरवतात. प्रयोगशाळेत आम्ही ती काचेवर वळायचो आणि शेजारी तीन मिलिमीटरची सळई मापाला ठेवायचो. मुलीने लहानपणी आजीजवळ बसून गव्हले वळले होते. तो हात अजून गेलेला नव्हता. आधी तिने बाजूच्या कोपऱ्यातली माती वळली, ती दोन-तीन वेळा वळताच तुकडे होऊन गळून पडली. मग वायव्येची वळली. ती तुटेना. ती बारीक होत होत सुतळीसारखी झाली, बोटाला गुंडाळली तरी तुटली नाही, आणि मुलीने ती मोबाइलसमोर धरली तेव्हा तिच्या करंगळीच्या नखाखाली अडकलेला काळा कणही मला दिसला.

"आता वास घे."

"कुजलेल्या पानांचा येतोय," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "बाबा, तुम्ही हेच करत होता इतकी वर्षं?"

दुसऱ्या दिवशी गावाचा इमारत तपासनीस आला. तिथे काँक्रीट ओतण्याआधी त्याने खड्डा पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि नंतर बाहेरून माती भरण्याआधी तो पुन्हा येतो. कागदावर सही करून जाणारा माणूस असेल असे मी धरून चाललो होतो, पण हा गृहस्थ बूट चिखलात घालून खाली उतरला आणि हातातली अणकुचीदार लोखंडी सळई त्याने जागोजाग रोवून पाहिली. तीन बाजूंना ती चार बोटे गेली. वायव्येला ती निम्मी आत गेली. पूर्वी कधी तरी तिथे ओढ्याची खोलगट जागा किंवा डबके असावे आणि पालापाचोळ्यासकट बुजले असावे, असा त्याचा अंदाज होता. दोन फूट आणखी खणा, मऊ माती काढून टाका आणि तो भाग कमी सिमेंटच्या काँक्रीटने भरून घ्या, असे तो सांगून गेला. त्यात तीन दिवस गेले आणि बराच जादा खर्च झाला. जावईबापू दिवसभर गप्प होते. माझ्याविषयीचा त्यांचा आदर वाढला की ही ब्याद फोनवरून कशाला आणली असे वाटले, हे मी अजून विचारलेले नाही.

एवढ्या यशानंतर माणसाने गप्प बसावे. मी बसलो नाही. पायाच्या पट्टीवर भिंतींचे साचे उभे राहिले, आठ फूट उंच आणि दहा इंच जाड, आणि त्यात मला सळया दिसेनात. मी तिला कॅमेरा साच्याच्या तोंडाशी धरायला लावला. आत पोकळी होती आणि दोन्ही बाजूंचे पत्रे धरून ठेवणाऱ्या पट्ट्या होत्या, बाकी काही नाही. आमच्या घराच्या प्रत्येक कॉलममध्ये बारा मिलिमीटरच्या सहा सळया आहेत, त्यांना सहा-सहा इंचांवर रिंगा आहेत, आणि मिस्त्रींना त्याही कमी वाटत होत्या. मी आवाज चढवला. काम पाहणारा मुकादम चाळीस वर्षांपूर्वी पोर्तुगालहून आलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्याच्याकडे लेसरचे फिरते यंत्र होते, तरी कोपरा काटकोनात आहे की नाही हे तो दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापे टाकून तपासत असे. आमचे मिस्त्रीही तसेच करत, त्यामुळे त्याच्याविषयी मला आपुलकी वाटू लागली होती. मुलीने माझी शंका त्याला सांगितली. त्याने मोबाइलकडे पाहून हात हलवला आणि वर बोट दाखवले.

वर लाकूड येणार होते. घराचे सगळे मजले, भिंती, छप्पर हे सारे लाकडी चौकटीचे. आमच्या विटा आणि स्लॅबच्या मानाने त्याचे वजन फारच कमी. ते वजन आठ-दहा ठिकाणी गोळा होऊन खाली येत नाही, सलग भिंतीवर पसरून येते. बाहेरच्या मातीचा दाब भिंतीला आत ढकलतो, म्हणून वरच्या मजल्याच्या जमिनीचा लाकडी तक्ता बसवून भिंतीचे डोके धरून ठेवल्याशिवाय बाहेर माती भरत नाहीत. एवढे पाळले तर ठरावीक उंचीपर्यंत बिनसळईची भिंत तिथल्या नियमात बसते. मी दोन रात्री वाचून हे पडताळले आणि मग मला आमच्या आजोळचा तांबट आळीतला वाडा आठवला. घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब, तुळया, वासे. वाड्याच्या पायात सळई कुठली आली? खाली दगड आणि वर लाकूड ही रीत आम्हीच सोडली आणि ती मला ग्वेल्फजवळ परकी वाटली. दुसऱ्या दिवशी मी मुलीला सांगितले की मुकादमाला माझा नमस्कार सांग. तिने तो कसा सांगितला कोण जाणे, पण त्याने तो स्वीकारल्याचे मात्र कळवले.

काँक्रीट ओतले त्या दिवशी मी जेवायलाही खाली उतरलो नाही. साचे दुसऱ्याच दिवशी काढले, आणि भिंतींवर पाणी कोणी मारले नाही. हे मात्र मला अजून पटलेले नाही. तिथली हवा थंड आणि दमट, ऊन आमच्यासारखे पाणी शोषणारे नाही, सगळे खरे. पण नव्या काँक्रीटला तहान लागते ही गोष्ट माझ्या हाडात आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात मी ऑफिसातून परस्पर प्लॉटवर जायचो, कॉलमला गुंडाळलेली गोणपाटे नळीने भिजवायचो, आणि मुलगी पूजेतली तांब्याची कळशी घेऊन सगळ्यांत बुटक्या कॉलमला स्वतः पाणी घालायची. रोज तोच कॉलम. मी हे तिला आठवून दिले. त्या रविवारी कामगार नसताना ती बादली घेऊन गेली आणि एका कोपऱ्याच्या भिंतीवर तिने पाणी ओतले. त्याने भिंतीला काही फरक पडला नसेल. मी तसे बोललो नाही.

पूजेचे थोडक्यात सांगतो. कुदळ मारायच्या वेळी रामकुंडाजवळची चिमूटभर माती तिथे टाकावी असे तिच्या मनात होते. पण अमेरिकेच्या मुख्य भूमीखेरीज बाहेरून कुठूनही माती कॅनडात न्यायला बंदी आहे, आणि मातीतून काय काय जाते हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला ती बंदी अगदी योग्य वाटली. पंचवटीतल्या आमच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर संकल्प सांगितला. 'दंडकारण्ये देशे' इथे ते अडखळले आणि गोदावरीच्या तीरापाशी तर थांबलेच. "तिकडे नदी कोणती?" त्यांनी विचारले. ग्वेल्फमधून स्पीड नावाची नदी वाहते. जावयांनी नाव सांगितले, अर्थही सांगितला. गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले आणि "वेगवत्याः उत्तरे तीरे" म्हणून ते मोकळे झाले. वास्तुप्रतिमा पुढे आग्नेय कोपऱ्यात, तळघराच्या फरशीखालच्या खडीत, रीतीप्रमाणे पालथी ठेवली गेली. वर जमिनीतला ओलावा आणि वायू अडवणारा प्लॅस्टिकचा जाड कागद आला आणि त्यावर काँक्रीट. आमच्याकडे वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणतो, म्हणून घरात वाईट बोलू नये अशी ताकीद असते. प्लॅस्टिकखालून त्याला कितपत ऐकू येईल, असे जावई म्हणाले, आणि त्यांना माझ्या पत्नीने फोनवरच दटावले.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे सगळे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. ज्या गच्चीवर मी रोज बसत होतो तिच्या कडेने आठ ठिकाणी सळयांचे जुडगे वर आलेले होते. नाशिकमध्ये, किंबहुना महाराष्ट्रात कुठेही, गच्चीवरून नजर टाकली तर हे दिसते: आज एक मजला बांधलेला आणि उद्याच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया तीन-तीन फूट सोडलेल्या. वरचा मजला मुलीचा, हे आम्ही पाया घातला तेव्हाच ठरवले होते, आणि पायाचे माप दोन मजल्यांच्या वजनाचे घेतले होते. ती २०१२ साली शिकायला गेली, मग नोकरीला लागली, मग लग्न झाले. प्रत्येक वेळी मी त्या सळयांवर सिमेंटची पातळ टोपी चढवून घेतली. तिने कॅनडाचे नागरिकत्व घेतले आणि भारताचा पासपोर्ट परत केला त्या दिवशीही मला फार काही वाटले नाही, कारण तो कागद होता आणि कागदाचे काय, मनात आणले तर उलटेही फिरवता येते. भाड्याची घरे ती बदलत होती, तेव्हा तर मला वाटायचे की ही प्रवासातच आहे. पाया ओतल्यावर मात्र मला ते तसे म्हणता येईना. काँक्रीट साच्यात पडताना जो जड, ओला आवाज होतो तो फोनवरही नीट ऐकू येतो.

मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो की गच्चीवरच्या उघड्या सळया ठेवू नका. टोपीला चीर पडते, पाणी आत जाते, लोखंड गंजते, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. तो आतून ढकलतो आणि कॉलमचे डोके फोडतो, मग स्लॅब ठिबकू लागतो. आमच्या ईशान्येच्या कॉलमला तशी चीर दोन पावसाळ्यांपासून होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रींचा मुलगा कटर घेऊन आला, आणि पाऊण तासात आठही जुडगी कापून झाली. तोंडे घासून, रसायन लावून, मसाल्याने बंद केली. भंगारवाल्याने लोखंड किलोवर नेले. पत्नी वर आली, रिकामी गच्ची तिने एकदा पाहिली आणि म्हणाली, "कपड्यांची दोरी बांधायला दोन तरी ठेवायच्या होत्या."

मुलीला मी सांगितले नाही. तिला ते दोन दिवसांनी माझ्या मागचे आकाश पाहून कळले. तिने काही विचारले नाही. थोड्या वेळाने तिने तळघराचा नकाशा दाखवायला काढला.

आपल्याकडे शब्दच पायाभरणी आहे. खड्डा खणायचा तो भरण्यासाठी. कॉलम उभे राहिले, जोत्याचे बीम झाले की आत मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, धुम्मस करून ठोकायचा, पुन्हा मुरूम, पुन्हा धुम्मस, तो थेट जोत्यापर्यंत. आमच्या घराखाली छत्तीस ट्रॉल्या मुरूम आहे. पाया पोकळ असणे ही आपल्या भाषेत शिवी आहे. तिच्याकडे खणलेला पाया रिकामाच ठेवतात. त्यात दिवे लावतात, कपडे धुण्याचे यंत्र ठेवतात, पाहुण्यांची खोली करतात. भरतात ते बाहेरून, आणि तेही घाबरत घाबरत. भिंतीला बाहेरून काळा डांबरी लेप, त्यावर टिपक्याटिपक्यांचा प्लॅस्टिकचा पडदा, म्हणजे भिंतीला आलेले पाणी त्या टिपक्यांमधल्या फटीतून खाली जाईल. आणि खाली पायाच्या पट्टीला वेढा घालून एक भोके पाडलेला चार इंची नळ, कापडाची पिशवी चढवलेला, वर खडीने झाकलेला. त्याला ते 'वीपिंग टाइल' म्हणतात. पूर्वी तो भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचा असे, म्हणून टाइल. वीपिंग म्हणजे अर्थातच रडणारी. घराभोवतीचे सगळे पाणी त्या नळात पाझरते आणि तळघराच्या एका कोपऱ्यातल्या हौदात येते, तिथून पंप ते दूर फेकतो.

आम्ही नाशिककर पाणी वर येताना पाहणारी माणसे आहोत. गोदावरी चढली की दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागली, कमरेला लागली, छातीला लागली अशी मापे सांगतो, आणि २००८ आणि २०१६ या दोन्ही वर्षी सराफ बाजारात शिरलेले पाणी मी स्वतः पाहिले आहे. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याला कोणी एवढा रस्ता करून देतो, त्याला कोपरा देतो, हौद देतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. बाहेरची माती भरून झाल्यावर तिकडे सलग दोन दिवस पाऊस झाला. इकडे जूनचा तिसरा आठवडा उजाडला तरी आभाळ कोरडे होते आणि गंगापूर धरणाच्या साठ्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या. रात्री अकराला तिचा फोन आला. ती तळघरात होती, वर फक्त लाकडी तक्ता झाला होता, आणि विजेचा दिवा तारेला लोंबत होता. तिने काही न बोलता मोबाइल त्या हौदाच्या तोंडाशी धरला. आधी काही ऐकू आले नाही. मग अगदी बारीक, सलग, आडात वरून झरा पडावा तसा आवाज येऊ लागला. मी पत्नीला उठवले. आम्ही दोघे अंधारात पलंगावर बसून पाच-सात मिनिटे ते पाणी ऐकत राहिलो.

"भिंतीला ओल?" मी विचारले.

"नाही. हात फिरवून पाहिला सगळीकडे."

"वायव्येला?"

"तिथंही कोरडी." मग तिने कॅमेरा फिरवला. वायव्येच्या भिंतीत छताजवळ एक चौकोन कापलेला होता, त्यातून बाहेरचा ओला उजेड आत येत होता. तळघरात झोपायची खोली केली तर तिला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी लागते, असा नियम आहे, असे तिने सांगितले. खोली चौदा बाय बारा. शेजारी संडास-बाथरूम, म्हणजे रात्री जिना चढायला नको.

"कोणाची खोली?"

"तुमची दोघांची."

पत्नीने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्या खोलीत गरम पाणी येईल का, देवांना कोणती भिंत, आणि खिडकीला पडदा किती रुंद लागेल, असे एकामागून एक विचारायला सुरुवात केली. मी उशाजवळची वही घेतली. खिडकीची कड जमिनीपासून किती उंच, बाहेर बर्फ साचला तर तिच्या तोंडाशी किती येईल, आणि त्या खोलगट जागेतले पाणी त्याच नळाला जोडले आहे की वेगळ्या, हे तीन प्रश्न मी सकाळसाठी लिहून ठेवले.